सोफा राहिला, पोळपाट आला

अमेरिकेतल्या एडिसनहून पुण्याला परत येणाऱ्या एका घराची सामानाची यादी परवा डोळ्यांखालून गेली. अशा याद्यांची एक रुक्ष चाल असते: खोक्याचा नंबर, आत काय, नग किती, आजची किंमत डॉलरमध्ये. एकतिसाव्या खोक्यापुढे लिहिलं होतं, पोळपाट एक, लाटणी दोन, सोऱ्या एक, पुरणयंत्र एक; सगळ्यांची मिळून किंमत आठ डॉलर. आणि शेवटच्या पानावर, 'इथेच सोडायचं' या मथळ्याखाली, तिघांचा कातडी सोफा. सोफा हौसेनं घेतलेला, दुकानं हिंडून, कातडीचे नमुने घरी आणून उजेडात धरून बघितलेला. पोळपाट काय, तुळशीबागेत कोणत्याही दुपारी मिळतो. जो पोळपाट कधीकाळी इथूनच साड्यांच्या घड्यांत गुंडाळून तिकडे गेला, तो आता भाडं भरून समुद्रातून परत येणार, आणि सोफा मात्र पिकअप ट्रक घेऊन येईल त्या विद्यार्थ्याला फुकट. ती यादी मिटली तरी हे दोन नग डोक्यातून जाईनात. आधी शुद्ध वेडेपणा वाटला. मग हिशेब मांडला, आणि वेडेपणा बराच कमी झाला.

समुद्रमार्गे सामान पाठवताना पैसे मुख्यतः जागेचे पडतात, विमानानं पाठवताना वजनाचे. एवढं एक नीट डोक्यात बसलं की निम्मी यादी आपोआप बदलते. वीस फुटी कंटेनरच्या आत साधारण ३३ घनमीटर जागा असते, म्हणजे जवळपास ११७० घनफूट. त्यात दोन-तीन बेडरूमचं घर बसतं. अख्खा कंटेनर नको असेल तर दुसऱ्यांच्या सामानाबरोबर भागीत जागा घ्यायची, आणि तिथे प्रत्येक घनफूट खिशाला लागतो. आता सोफा मोजू. लांबी ८४ इंच, खोली ३६, उंची ३४. गुणाकाराला १७२८ नं भागलं की साडेएकोणसाठ घनफूट. अमेरिकेत पुस्तकांसाठी मिळतं ते छोटं खोकं दीड घनफुटाचं. म्हणजे एका सोफ्याच्या जागेत पुस्तकांची एकोणचाळीस खोकी. क्वीन आकाराची बारा इंच जाडीची गादी तेहतीस घनफूट, म्हणजे बावीस खोकी. आणि दहा इंच व्यासाचा, दोन इंच उंचीचा पोळपाट? घनफुटाचा आठवा भागही नाही. शिवाय तो मोडत नाही, दमटपणाला भीत नाही, त्याला वीज लागत नाही आणि कस्टम्सच्या कुणाही अधिकाऱ्याला त्यात रस नसतो. परतीच्या सामानाच्या सगळ्या परीक्षा पास होणारी वस्तू शोधायला गेलं तर ती जवळपास पोळपाटासारखीच दिसेल.

पुस्तकांबद्दल लोक नेमकी उलटी चूक करतात. जड म्हणून ती वाटून टाकतात आणि हलकं म्हणून उशा, रजया, प्लॅस्टिकचे डबे कंटेनरात भरतात. जहाजाला जडपणाचं फारसं काही नाही. एक घनमीटर पुस्तकं म्हणजे तेवीस खोकी. एकेक खोकं अठरा किलोचं धरलं तरी सव्वाचारशे किलोच्या आत, आणि भागीतल्या सामानात वजनाचा मुद्दा घनमीटरला एक टनाच्या पुढे गेल्यावर निघतो. अठरा किलोची मर्यादा असते ती माणसाच्या कमरेसाठी. मोठ्या, साडेचार घनफुटांच्या खोक्यात पुस्तकं भरली तर ते उचलतानाच तळ सुटतो. तीच पुस्तकं विमानाच्या बॅगेत घातली तर तेवीस किलोची एक बॅग म्हणजे फार तर साठ-सत्तर पुस्तकं, आणि त्या बॅगेत जे खरोखर न्यायचं होतं त्याला जागा उरत नाही. रजई मात्र जहाजाला महाग. तिची हवा काढून व्हॅक्यूमच्या पिशवीत दाबली तर ठीक, नाहीतर तिकडच्याच एखाद्या निवारा केंद्राला द्यावी. पुण्यात डिसेंबरच्या चार थंड रात्रींना सोलापुरी चादर आणि एक दुलई पुरते.

मोजपट्टी लावायची ती मात्र इथल्या घराला.

हे सांगायला सोपं आणि करायला अवघड, कारण यादी करणारा माणूस बसलेला असतो तिकडच्या घरात. चोवीसशे चौरस फुटांच्या घरात जी वस्तू बेताची वाटते ती बाणेरच्या नऊशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये खोली अडवून बसते. इथे कुणी नातेवाईक असेल तर त्याच्याकडून सहा मापं मागवावीत: मुख्य दाराची रुंदी, लिफ्टच्या दाराची रुंदी, लिफ्टच्या आतली उंची आणि खोली, जिन्याच्या वळणावरची मोकळी जागा, आणि बेडरूमच्या दारापासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर. ८४ इंचांचा सोफा उभा केला तर २१३ सेंटिमीटर होतो. बऱ्याच इमारतींच्या लिफ्टचं दारच तेवढ्याच्या आसपास उंच असतं, आणि सोफा उभा करून आत सरकवताना थोडा कलवावा लागतो, तेव्हा कर्ण आणखी वाढतो. मग हमाल जिन्यानं नेतात, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकतात, आणि दोरानं गॅलरीतून ओढण्याची बोलणी सुरू होतात. 'डोअर टू डोअर' म्हणून दिलेल्या दरात हे बहुतेक वेळा नसतं. लिफ्टमध्ये न मावणारं सामान, ठरावीक अंतरापेक्षा लांब उचलून नेणं, गल्लीत मोठी गाडी शिरत नाही म्हणून मधेच टेम्पोत केलेली बदली, या सगळ्याचे वेगळे पैसे पडतात. ते दरपत्रकात बारीक अक्षरात असतात. सही करण्याआधी तेवढा एकच परिच्छेद मोठ्यानं वाचून घ्यावा.

पलंगांची गंमत वेगळीच. तिकडचा क्वीन ६० बाय ८० इंच, इथला बहुधा ६० बाय ७८. दोन इंचांचा फरक, चादरी निभतात. तिकडचा किंग ७६ बाय ८०, इथला ७२ बाय ७८. म्हणजे किंगच्या इलॅस्टिकवाल्या चादरी इथल्या गादीवर सैल पडतात, रात्रीतून गोळा होतात आणि सकाळी कुणीतरी वैतागतं. पलंग आणायचा तर गादीही आणावी लागते, गादी आणली तर चादरीही. एका निर्णयामागे शंभर घनफूट निघून जातात. साधी चादर मात्र कुठेही चालते, आणि तिकडच्या जाड सुती टॉवेलांना इथे खरंच तोड नाही. त्यांना खोक्यांतून वेगळी जागा द्यायचीसुद्धा गरज नाही, काचेच्या भांड्यांभोवती गुंडाळले की कागदही वाचतो.

लाकडी सामानात एक भेद कडक पाळावा. सागवान, ओक, मेपल असं सलग लाकूड असेल तर आणण्याचा विचार करावा. भुसा दाबून केलेल्या पाट्यांचं, वर कागदी मुलामा असलेलं, चपट्या खोक्यातून येऊन घरी जोडलेलं सामान आणू नये. ते जोडताना स्क्रू आणि गोल कुलुपं ज्या भोकांत बसतात ती भोकं एकदा सुटी केली की पहिल्यासारखी धरत नाहीत. तशात इथला जुलै. पाटीच्या कडेतून ओल शिरते, भुसा फुगतो, मुलामा उकलतो, आणि कपाटाचं दार लागेनासं होतं. असं कपाट गोरेगावात किंवा रत्नागिरीत एका पावसाळ्यात म्हातारं होतं. नागपूरला थोडं जास्त टिकेल.

आता वीज. इथे भावनेला वावच नाही, आणि तरीही सर्वात जास्त भावनिक निर्णय इथेच होतात.

अमेरिकेत घरात १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. प्रत्येक उपकरणाच्या तळाशी किंवा चार्जरवर बारीक छापलेलं असतं. '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं असेल तर फक्त पिन बदलायची: लॅपटॉप, फोन, कॅमेरा, बरीचशी दाढीची यंत्रं, विजेवरचे टूथब्रश त्यांच्या चार्जरवर बघून. नुसतं '१२० व्होल्ट' असेल तर थांबायचं. उष्णता देणाऱ्या वस्तूत वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२० व्होल्टचा, १००० वॉटचा विजेचा कुकर २३० वर लावला तर तो साडेतीन हजार वॉटच्या पुढे ओढायला बघतो आणि काही क्षणांत त्याचा जीव जातो. त्यामुळे लागतो व्होल्टेज २३० वरून १२० वर उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. तो उपकरणाच्या वॉटच्या दीडपट तरी घ्यावा लागतो, म्हणजे त्या एका कुकरसाठी १५०० वॉटचा, हातात धरल्यावर मनगट दुखेल असा लोखंडी ठोकळा. १५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर. तेव्हा तो ओट्यावरच्या नेहमीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावता येत नाही, १६ चा मोठा सॉकेट लागतो, आणि तो बहुतेक स्वयंपाकघरांत फ्रीजनं किंवा मायक्रोवेव्हनं आधीच धरलेला असतो. चालू करताक्षणी ट्रान्सफॉर्मर क्षणभर बराच जास्त प्रवाह ओढतो, त्यामुळे मीटरजवळचा एमसीबी पडतो. तो चालू ठेवला तर कुकर बंद असतानाही स्वतः थोडी वीज खातो आणि गुणगुणतो. बाजारात हातात मावणारे स्वस्त, हलके कन्व्हर्टरही मिळतात. ते विजेची लाट कापून काम भागवतात. साध्या इस्त्रीला एकवेळ चालतील, पण ज्या वस्तूत इलेक्ट्रॉनिक पॅनेल आहे तिला लावू नयेत.

व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरनं सुटतं. हर्ट्झ सुटत नाही, आणि हे बऱ्याच जणांना सामान आल्यावर कळतं. ब्रश असलेल्या मोटरला, म्हणजे मिक्सर, ब्लेंडर, केक फेटायचं उभं यंत्र यांना ५० आणि ६० मधल्या फरकाशी फारसं देणंघेणं नसतं. पण फ्रीजचा कॉम्प्रेसर, जुन्या धाटणीच्या वॉशिंग मशीनची मोटर, पंखे हे ५० हर्ट्झवर सहात एक भाग हळू फिरतात आणि जास्त तापतात. ६० साठी बनवलेल्या मायक्रोवेव्हचा आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर घरघरतो, गरम होतो. विजेच्या लहरी मोजून चालणारं घड्याळ तर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. तिकडचा कपडे वाळवायचा ड्रायर २४० व्होल्टचा असतो म्हणून काहींना वाटतं की तो इथे चालेल. त्याला दोन गरम तारा आणि मधली न्यूट्रल लागते, आतली मोटर आणि बटणं त्यातल्या १२० वर चालतात. आपल्याकडे तशी जोडणीच नसते. फ्रीज, वॉशर, ड्रायर, डिशवॉशर, मायक्रोवेव्ह: विचार न करता सोडावेत. टीव्हीचं मागचं लेबल बघावं. मोठ्या पडद्यांच्या काही मॉडेलांवर फक्त १२० असतं. शिवाय ऑगस्ट २०१३ पासून विमानातून बरोबर आणलेला सपाट पडद्याचा टीव्ही नेहमीच्या प्रवाशाच्या सवलतीत बसत नाही, त्याआधी दुबई-सिंगापूरहून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या ट्रॉलीवर तो दिसायचा.

टेबलावरचे दिवे मात्र बिनधास्त आणावेत. तिकडचा होल्डर २६ मिलिमीटरचा, इथला स्क्रूचा एलईडी २७ चा, तो त्यात बसतो. बल्ब २३० चा आणि पिन इथली, झालं काम. स्पर्शानं लागणारे किंवा मंद-तेज होणारे दिवे तेवढे सोडून.

बिडाचा तवा, स्टीलची जाड बुडाची पातेली, काचेची बेकिंगची भांडी, चांगल्या सुऱ्या, हातानं फिरवायची अवजारं हे सगळं आणण्याजोगं. मोजायचे कपही आणावेत, पण एक लक्षात ठेवून: तिकडचा कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, इथे मिळणारे कप २४० किंवा २५० चे असतात. दोन संच एकत्र झाले की केकची कृती गंडते आणि दोष बिचाऱ्या ओव्हनवर जातो. एकच संच ठेवावा. आणि इथून तिकडे नेलेला ११० व्होल्टचा देशी मिक्सर? तो परत आणणारे लोक आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्या मिक्सरवर किती दिवाळ्यांची चटणी झालेली असते कुणास ठाऊक. पण तो अर्धी पृथ्वी ओलांडून, ट्रान्सफॉर्मर लावून, पाच मिनिटांच्या चटणीसाठी चालवायचा हे ऐकायलाच जरा दमछाक होते. तिकडे नव्यानं आलेल्या एखाद्या मराठी मुलीच्या स्वयंपाकघरात तो दोन दिवसांत रुळतो.

ओलीचा विचार कंटेनरपासूनच सुरू करावा लागतो. बंद लोखंडी पेटीत दिवसा ऊन तापतं, रात्री समुद्रावर गार होतं, छताला घाम सुटतो आणि तो खोक्यांवर ठिबकतो. न्यू जर्सीच्या बंदरातून न्हावा शेव्यापर्यंत दीड-दोन महिने सहज जातात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा त्यात आठवडा-दोन आठवड्यांची भर पडली. अशा प्रवासात कृत्रिम चामड्याच्या पर्स आणि पॉलियुरेथेनचा तळ असलेले बूट सर्वात आधी बळी पडतात. ते रसायनच ओलीनं तुटतं. वर्षभर कपाटात पडलेल्या बुटाचा तळ पहिल्याच चालण्यात भुगा होऊन गळतो तो याच कारणानं. कॅमेऱ्याच्या लेन्सवर बुरशीची जाळी चढते. लेन्स, जुने फोटो, हार्ड डिस्क हातातल्या बॅगेत. पुस्तकांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पिशव्या, आणि इथे आल्यावर महिनाभर भिंतीला न लावता ठेवलेलं कपाट. कसर लागलेलं एखादं पुस्तक असेल तर तेवढं वेगळं काढावं; एकावरून सगळ्यांना लागते.

काही वस्तूंवर चर्चाच नको. ड्रोनच्या आयातीवर भारतात फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, मुलाच्या वाढदिवसाचा असला तरी. ई-सिगारेट, सॅटेलाइट फोन नाही. रंग, स्प्रे, नेलपॉलिश, गॅसच्या नळ्या, सुट्या लिथियम बॅटऱ्या पॅकर कंटेनरात घेत नाहीत. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायची. बिया, कुंड्यांतली रोपं, बागेतली माती नाही. गाडी तर नाहीच: डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची गाडी इथे चालत नाही, आणि उजव्या बाजूची आणली तरी जकातीत गाडीहून जास्त पैसे जातात.

ज्या वस्तूंना ना घनफूट लागतो ना किलो, त्यांच्याकडे निघायच्या गर्दीत कुणाचं लक्ष नसतं, आणि नंतर सर्वात जास्त धावपळ त्यांच्यासाठीच होते. मुलांच्या जन्मदाखल्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती आणि त्यांवर त्या राज्याचं अपॉस्टिल, म्हणजे दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणून लावलेलं सरकारी प्रमाणपत्र. इथे बसून ते करायचं म्हणजे टपाल, फी, आणि अनेक आठवडे. लग्न तिकडे नोंदवलं असेल तर त्या दाखल्याचंही तेच. शाळेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह वर्गवार निकाल आणि शाळा सोडल्याचं पत्र. लसींची पूर्ण यादी, दंतवैद्याचे एक्स-रे, चष्म्याचे नंबर, एमआरआयच्या सीडी. मागच्या सहा-सात वर्षांची करविवरणं. गाडीच्या विम्याचा दावा न केल्याचं पत्र. आणि फोन नंबर. हो, तोही सामानच. तिकडच्या बँका, निवृत्तीखाती, कर खातं सगळे ओटीपी त्याच नंबरावर पाठवतात. नंबर चालू असतानाच तो इंटरनेटवर चालणाऱ्या सेवेत हलवावा लागतो (गूगल व्हॉइसवर हलवायला एकदाच २० डॉलर पडतात), खातं बंद केल्यावर तो हातचा जातो. काही बँका अशा नंबरावर ओटीपी पाठवत नाहीत, त्यामुळे हलवल्यावर तिकडे असतानाच एकेका खात्यात शिरून बघावं. फोनही कुलूप काढलेला असावा. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकलेल्या आयफोनला सिमची फटच नाही. इथल्या कंपन्या ई-सिम देतात, पण कोपऱ्यावरच्या दुकानात घेतलेलं साधं सिमकार्ड त्यात कुठेच जात नाही.

दागिने कंटेनरात कधीही नाहीत. विमाही त्यांना धरत नाही.

विम्याबद्दलचा एक बारकावा यादीशी जोडलेला आहे. पॅकरनं भरलेल्या खोक्यातली कपबशी फुटली तर भरपाई मागता येते. आपण घरी रात्री जागून भरलेल्या खोक्यावर 'मालकानं भरलेलं' असा शेरा पडतो, आणि अशा खोक्यासाठी बहुधा ते अख्खं हरवलं तरच पैसे मिळतात. म्हणून कपडे, पुस्तकं, चादरी आपण भराव्यात. काच, चित्रं, दिवे त्यांना भरू द्यावेत. यादीत 'किरकोळ' हा शब्द टाळावा. कस्टम्सच्या माणसाला बघायचं खोकं निवडायचं असेल तर तो 'किरकोळ'च निवडणार. 'वापरलेली स्टीलची भांडी, २२ नग' असं लिहिलं की ते कुणी उघडत नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूपुढे कंपनी, मॉडेल, नंबर. किंमत आजची, वापरून जुनी झालेल्या वस्तूची. खरेदीची पावती भरायची नाही आणि सगळ्यापुढे एक डॉलरही लिहायचा नाही. २०१६ च्या बॅगेज नियमांत सलग दोन वर्षं बाहेर राहून परतणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंतच्या घरगुती सामानावर सूट होती, त्या दोन वर्षांतल्या भारतभेटी मिळून सहा महिन्यांपेक्षा जास्त नसाव्यात या अटीसह. हे आकडे सरकार बदलत असतं, म्हणून कुणा मावसभावाच्या अनुभवावर न जाता निघायच्या महिन्यात कस्टम्सचा ताजा नियम स्वतः वाचावा. सामान सुटताना मालक भारतात आलेला असावा लागतो आणि मूळ पासपोर्ट लागतो, त्यामुळे त्या आठवड्यात व्हिसासाठी पासपोर्ट कुठे जमा करू नये. बंदरात मोफत दिवस थोडे असतात. त्यानंतर रोजचं भाडं सुरू होतं.

जहाज येईपर्यंतचे दोन महिने विमानातल्या बॅगांवर काढायचे असतात. माणशी तेवीस किलोच्या दोन, चौघांच्या आठ, मिळून १८४ किलो. ऐकायला पुष्कळ वाटतं. त्यात कागद, औषधं, दोन आठवड्यांचे कपडे, मुलांच्या शाळेचं, कामाचा लॅपटॉप, प्रत्येकी एक चादर आणि स्वयंपाकाची दोन भांडी गेली की पन्नास-साठ किलोच उरतात. मुलासाठी गाडीतली खुर्ची आणायची असेल तर तिच्या मागे छापलेली मुदत संपलेली नाही ना ते बघून, आणि हे ठाऊक ठेवून की तिकडच्या गाड्यांचे पट्टे पूर्ण ओढले की जागीच लॉक होतात, इथल्या बहुतेक गाड्यांचे होत नाहीत. खुर्चीला स्वतःची पट्टा-अडकण नसेल तर ती हलत राहते. आयसोफिक्सचे, म्हणजे पट्ट्याशिवाय खुर्ची थेट सीटला अडकवायचे, हूक असलेल्या गाडीत हा प्रश्न येत नाही.

इतकं सगळं मोजून-मापून झाल्यावरही यादीत काही ओळी राहतात ज्या कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. बर्फ काढायचं फावडं. पहिल्या भाड्याच्या घरातला, तिथल्याच गराज सेलमधून घेतलेला, एका पायानं डुगडुगणारा कॉफी टेबल. अशा वस्तूंबद्दल घरात दोन मतं असतात आणि दोन्ही बरोबर असतात. खूप ट्रान्सफॉर्मर घेऊन येणाऱ्या घरांकडे पाहिलं की वाटतं, यांना ते घर थोडंसं इथेही चालू ठेवायचं आहे. त्यात हसण्यासारखं काही नाही. फक्त एका गोष्टीपासून सावध करावंसं वाटतं: ठरत नाही म्हणून तिकडे भाड्यानं घेतलेली स्टोरेजची खोली. परत गेलोच तर, म्हणून सोफा, गाद्या, ड्रायर तिथे ठेवतात. महिन्याचं भाडं कार्डावरून आपोआप जात राहतं, दरवर्षी वाढतं, आणि दीड-दोन वर्षांत भाड्यानं सामानाची किंमत ओलांडलेली असते. तिला रिकामी करायला पुन्हा विमानाचं तिकीट काढावं लागतं. घ्यायचीच असेल तर सहा महिन्यांची तारीख ठरवून, एखाद्या जवळच्या मित्राचं नाव खोलीच्या करारात घालून, आणि तारीख उलटली तर त्यानं सगळं वाटून टाकावं असं त्याला लिहून देऊन घ्यावी.

मुलांचा हिशेब वेगळा ठेवावा. मोठ्यांनी त्यांच्या खेळण्यांची छाननी करायला घेतली की रडारड होते, आणि छाननी चुकीची होते. महागडी रिमोटची गाडी ठेवली जाते आणि शेजारच्या मुलानं दिलेला दगड कचऱ्यात जातो. दीड घनफुटाचं एक खोकं प्रत्येकाला द्यावं, त्यात काय जाईल ते त्यानंच ठरवावं, कारण विचारू नये. यादीत त्यापुढे 'खेळणी, वापरलेली' एवढं पुरतं. बंद करण्याआधी बॅटऱ्या आणि उघडलेल्या स्लाइमचे डबे तेवढे काढून घ्यावेत. कंटेनरच्या उकाड्यात स्लाइम पातळ होतो आणि खालच्या खोक्यातल्या पुस्तकांपर्यंत पोचतो.